आबांनी निवडलेला खेळ

आमच्या झाशीतली हडळ कुठल्या नियमाने धरायची, हे आबा वैशंपायनांनी ठरवलं. हे वाक्य ऐकून कुणाला वाटेल की आबा मांत्रिक होते. मुळीच नाही. ते सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, सीपरी बाजारात आमच्याच गल्लीत एकटे राहत, आणि उन्हाळा सोडला तर कायम अर्ध्या बाह्यांच्या करड्या स्वेटरमध्ये दिसत. घराण्यात भिक्षुकी होती. ती त्यांनी बँक सांभाळून चालू ठेवली, कारण शहरात मराठी घरं आता थोडी आणि मराठीतून समजावत पूजा सांगणारे त्याहून थोडे. हिंदी शेजाऱ्यांना 'वैशंपायन' काही झेपत नसे. कुणी बैसंपायन जी म्हणे, कुणी पायन साहब. गॅसवाला तर थेट 'चंपायन बाबू' अशी हाक मारी. आबा सगळ्यांना सारख्याच गांभीर्याने ओ देत.

आता आबा नाहीत. नागपूरला लेकीकडे गेले आणि वर्षभरात तिकडेच गेले. पण मला त्यांची आठवण येते ती रडू आणणारी नाही. ती आली की मी वर्गात फळ्याकडे तोंड करून हसते, आणि माझ्या अकरावीच्या मुलींना वाटतं, मॅडमना रसायनशास्त्रात काहीतरी विनोदी सापडलं.

माणूस नियमांचा. म्हणजे किती, तर स्टेशन रोडच्या चौकात वीज जाऊन सिग्नल बंद पडला, तरी आबा स्कूटर थांबवून चारी बाजूंना एकेकदा बघत आणि मनाशी काहीतरी मोजून मगच निघत. मागचे ऑटोवाले भोंगे वाजवून थकत. "चाचा, बत्ती गुल है!" असं एकाने ओरडून सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "बत्ती गुल है भैया, चौराहा तो है न।" पुस्तक वाचायला घेतलं की मुखपृष्ठापासून, छापखान्याच्या पत्त्यासकट, शेवटच्या सूचीपर्यंत. मधूनच उघडलेलं पुस्तक नाराज होतं, असं त्यांचं म्हणणं. बँकेत असताना समोर एकच गिऱ्हाईक असलं तरी ते टोकन द्यायचे आणि मग मोठ्याने नंबर पुकारायचे. लोक चेष्टा करत. आबांना चेष्टेचं काही वाटत नसे. चेष्टा करणाऱ्याचंही ते त्याचा नंबर आला की मगच ऐकत.

आता हडळीकडे येते. आम्ही चौघं मित्रमंडळी रविवारी दुपारी एक खेळ खेळायचो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि आपलं पात्र आता काय करतं ते बोलून सांगतात. ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पडदा नाही, रिमोट नाही, मोबाइल तर आम्ही उलटाच ठेवायचो. चौघांत एक मी, मेधा. दुसरा इमरान, औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी, ज्याच्या जिभेवर सरस्वती आणि तिची सगळी भावंडं एकदम बसलेली. तिसरी शिखा, आहारतज्ज्ञ, जी आम्हाला समोसे खाऊ नका म्हणते आणि पहिला स्वतः उचलते. चौथा विवेक.

विवेक माझ्यासारखाच जुन्या मराठी घरातला. बिजौलीच्या एका कारखान्यात बोल्टची मापं तपासतो. केसाएवढा फरक त्याला डोळ्यांनी कळतो. पण बोलताना अडखळतो. लहानपणापासून. मराठी त्याला सगळी समजते. बोलताना मात्र तो हिंदीत शिरतो, आणि हिंदीतही पहिल्या अक्षरावर अडकतो. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, म्हणून ती नोकरी त्याला आवडते असं तो म्हणायचा. आमचा रविवार सोडला तर त्याला दुसरी बैठक नव्हती.

माझ्या घरात जागा नव्हती, म्हणून मी आबांना त्यांची वरची खोली मागितली. आबांनी आधी प्रश्न विचारून घेतले. जुगार आहे का? नाही. आरडाओरडा? थोडा. चपला कुठे काढणार? शेवटच्या पायरीवर, जोडीने, असं त्यांनीच ठरवलं. मग किल्ली दिली.

आम्हाला एक नवी गोष्ट सुचली होती. आजचीच झाशी, पण तिच्यात भुतं राहतात, नोकरी-धंदा करून. बिजौलीच्या बंद शेडमध्ये वेताळ, रेल्वेच्या पुलाखाली हडळ, मोबाइलच्या टॉवरवर इमरानचा लाडका जिन्न. आणि आम्ही चौघं, ज्यांना ही भुतं दिसतात. गोष्ट पक्की होती. फक्त ती कुठल्या खेळाच्या नियमांनी खेळायची ते ठरायचं होतं. कारण असे खेळ पुष्कळ मिळतात आणि प्रत्येकाचं नियमांचं पुस्तक वेगळं. इमरानला एक पातळसं पुस्तक फार आवडलं होतं. नियम अगदी मोजके, बाकी सगळं बोलण्यावर. मलाही आवडलं होतं. बोलायला मी काही कमी नाही.

त्या पातळ पुस्तकाने आम्ही एक रविवार खेळून बघितला. इमरान गोष्ट चालवत होता. पुलाखाली हडळ उभी, आम्ही तिघं खांबांच्या मागे. आबा चहाची किटली घेऊन वर आले आणि दारातच थांबले.

"मैं... प-प-पीछे से..." विवेक म्हणाला.

"पीछे से जाएगा? क्या बात है!" इमरान खूश होऊन म्हणाला. "तो विवेक दबे पाँव पीछे से गया, और हडल एकदम पलटी..."

इमरानच्या मनात तसूभरही वाईट नव्हतं. अडखळणाऱ्या मित्राला हात द्यावा, म्हणून त्याने वाक्य पुरं केलं; इतकी वर्षं आम्ही सगळेच करत होतो. हडळीने विवेकला धरलं, शिखाने किंचाळून सोडवलं, मी एक भाषण ठोकलं आणि मजा आली. विवेक हसला आणि नंतर काही बोलला नाही.

आबांनी चहा ओतता ओतता विचारलं, "ह्यात बारी नसते का कुणाची?"

"नहीं आबा जी," इमरान म्हणाला, "जो बोले, सो खेले।"

"अच्छा," आबा म्हणाले, आणि किटली घेऊन खाली गेले.

पुढच्या रविवारी विवेक आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाला, काम आहे. त्याला रविवारी काम नसतं हे मला ठाऊक होतं. मी आबांना सांगायला गेले, तर ते स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते.

"त्याला त्या दिवशी काय म्हणायचं होतं, विचारलंस?" आबांनी विचारलं.

"मागून जायचं होतं ना हडळीच्या."

"मी विचारलं. भाजी आणायला गेलो होतो, तिथे भेटला. त्याला म्हणायचं होतं, पीछे से गाड़ी आ रही है. पुलाखालून रूळ जातात ना? मागून गाडी येतेय, तिच्या आवाजात सरकू, तोवर थांबू. तुमच्या सगळ्यांत अक्कल त्यानेच लढवली होती. ती त्याच्या तोंडातच राहिली आणि हडळीने त्यालाच धरला!" पोह्यांवरचं पाणी त्यांनी जरा जोरातच निथळवलं. "अगं, बोलणाऱ्याला नियम लागतच नाही. तो कुठेही घुसतो. बँकेत बघत होतो ना मी, पुढारी आला की थेट आत. टोकन कुणासाठी असतं? मोठ तालुक्यातल्या आडगावाहून बसने आलेली म्हातारी बाकावर गप्प बसलेली असते, तिच्यासाठी असतं. तुम्ही खेळ कुठला घेताय तो मला दाखवा. सगळी पुस्तकं आणा."

अशा रीतीने, आयुष्यात पत्त्यांचा डावही न खेळलेले आबा आमच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले. आम्ही त्यांना तीन पुस्तकं दिली. एक ते पातळ. दुसरं जाडजूड, आजच्या शहरातल्या जादूचं, पण शहर परदेशातलं. तिसरं सगळ्यांत जाड. ते तलवारी, किल्ले आणि राक्षसांचं होतं. त्यात चौकटींचा पट, कोण किती घरं चालतो, आडोशामागे किती वाचतो, सगळ्याला कलम. आबांनी तिन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून वाचली. कठीण इंग्रजी शब्द अडला की मला फोन यायचा, शाळेच्या मधल्या सुट्टीत. "मेधा, हे फ्लँकिंग म्हणजे दोन बाजूंनी घेरणं ना? मग सरळ तसं लिहायला काय झालं?"

निवडीचा दिवस उजाडला. आबा विवेकला स्वतः स्कूटरवर बसवून घेऊन आले. त्याला काय सांगून आणलं, ते मला पुढे विवेककडून कळलं: "चल, परीक्षक कमी पडतोय." खोलीत आल्यावर आबांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिन्ही पुस्तकांना एकच प्रश्न. संध्याकाळची वेळ, सीपरी बाजार, गर्दी. एक माणूस उभ्या ऑटोच्या मागे लपलाय. समोरच्या छतावरून हडळ त्याच्यावर झेप घेते. पुस्तक काय म्हणतं?"

पातळ पुस्तक म्हणत होतं, तुम्हाला आणि तुमच्या मित्रांना जे रंजक वाटेल ते घडू द्या.

"म्हणजे हे पुस्तक मलाच विचारतंय!" आबा म्हणाले. "अरे, मला ठाऊक असतं तर मी ह्याच्याकडे कशाला आलो असतो?"

दुसऱ्या पुस्तकात गाडीच्या पत्र्याची जाडी, गोळीचा वेग, सगळं होतं. पण एका झेपेचा निकाल लावायला आबांना चार ठिकाणी पानं उलटावी लागली आणि शेवटी दोन कलमं एकमेकांच्या विरुद्ध निघाली. "हे वकिलांचं आहे," म्हणून त्यांनी ते मिटलं. राहिलं तिसरं. त्यात आडोशाचा नियम होता, उंचीवरून उडीचा होता, गर्दीतून चालताना वेग किती घटतो तेही होतं. ऑटो तेवढा नव्हता.

"अंकल, उसमें तो सब क़िले और घोड़े हैं," शिखा कुरकुरली. "हमें तो आज का शहर चाहिए।"

"क़िला तो झाँसी में भी है, बेटा," आबा म्हणाले. मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते एखाद्या खेळाच्या पुस्तकात छापायला हवं होतं. पूजेत देवाला वस्त्र वाहायचं असतं आणि वस्त्र नसतं. तेव्हा काय करतात? 'वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि' म्हणतात आणि तांदळाचे चार दाणे वाहतात. अलंकार नाही, अक्षता. चंदन संपलं, अक्षता. पूजा अडत नाही. "विधी पक्का असला की साहित्य इकडचं तिकडे चालतं. ह्या पुस्तकात झाकलेली गाडी आहे ना? ऑटोच्या ऐवजी ती. धनुष्याच्या ऐवजी गोफण घ्या, नाहीतर शिखाचा तो डोळ्यांत मारायचा मिरचीचा फवारा. सामान बदलता येतं. पण ज्या पुस्तकात विधीच नाही, तिथे मी कशाच्या ऐवजी काय ठेवू?"

इमरान हरला, पण मोठ्या मनाने हरला. "आबा जी, आप तो पुराने खिलाड़ी निकले," असं म्हणून त्याने गोष्ट चालवायची खुर्चीही त्यांनाच दिली. एवढे नियम वाचायला त्याला फुरसत नव्हती आणि आबांनी ते आधीच वाचले होते.

पट विवेकने बनवला. कारखान्यातल्या खोक्याची फळी घासून, तिच्यावर अशा नेमक्या रेघा मारल्या की आबा पट्टी लावून बघत राहिले. सोंगट्या आबांच्या देवघरातून आल्या. सुपारी म्हणजे गणपती होतो, सुपाऱ्या म्हणजे नवग्रह होतात, तर मग भुतं व्हायला त्यांना काय अडचण, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून भुतं सगळी सुपाऱ्या. इमरान खारीक, शिखा बदाम, मी अक्रोड आणि विवेक हळकुंड. पुलाखालच्या हडळीला आबांनी कुंकवाचं बोट लावलं होतं.

त्या पटावर आम्ही पहिल्यांदा खेळलो तो दिवस मी विसरणार नाही. आबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "बारी ज्याची, तोवर शब्दही त्याचे. मध्ये कुणी बोलायचं नाही, मदतसुद्धा करायची नाही." प्रत्येकाला आपल्या बारीत तीन ॲक्शन. शिवाय एक रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या बारीत एकदाच करायची चटकन हालचाल. ती वापरली की आपली पुढची बारी येईपर्यंत संपली.

विवेकची बारी आली. तो पटाकडे बघत राहिला. आम्ही गप्प. इमरानने तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

"थ... थ-थांबतो," विवेक म्हणाला. मराठीत.

पातळ पुस्तकात थांबणाऱ्याला कुणी विचारलं नसतं. पण ह्या जाड्या पुस्तकात थांबण्यालाही कलम होतं. थांबणं ही ॲक्शन आहे. अमुक झालं की मी तमुक करीन, असं ठरवून थांबता येतं. आबांनी ते कलम वाचून दाखवलं आणि विचारलं, "कशासाठी थांबतोस?" विवेकने बोटाने दाखवलं: हडळ शिखाच्या शेजारच्या घरात आली की. पुढे हडळ आली. आबा म्हणाले, "थांबा. आधी विवेकचं." आणि हळकुंड पुढे सरकलं. फासे चांगले पडले, हडळ रुळांपलीकडे गेली, आणि शिखाने टाळ्या वाजवल्या. विवेकचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून त्याने एकही रविवार चुकवला नाही.

अर्थात ह्या भानगडीचे परिणाम आबांच्या भिक्षुकीवरही झाले. एका घरी सत्यनारायण सांगताना आबा यजमानांना म्हणाले, "आता तुमची बारी. पळी-पंचपात्र घ्या. दोन ॲक्शन राहिल्या." यजमान नव्या पिढीतले, त्यांना वाटलं आजकाल पूजेत असंच म्हणतात. त्यांनी भक्तिभावाने विचारलं, "दोन्ही ॲक्शन उजव्या हाताने ना?" मी तिथेच प्रसादाला बसले होते. पदर तोंडात कोंबून मागल्या दाराने बाहेर पडले.

आणि एकदा मोठहून तिवारी जी आले. आबांच्या बँकेतले जुने खातेदार, शेतकी बाजारात दलाली करणारे, मुलाच्या घराचा मुहूर्त विचारायला आलेले. आम्ही खाली चहाला गेलो होतो आणि तिवारी जी वरच्या खोलीत पटाजवळ बसून होते. खिशात त्यांचा सरौता कायम, म्हणजे आपला अडकित्ता. आम्ही वर आलो तेव्हा बिजौलीचा मुख्य वेताळ, ज्याच्याशी आम्ही तीन रविवार झुंजत होतो, तिवारीजींच्या दाढेखाली होता.

"सुपारी बढ़िया है, साहब," ते म्हणाले. "ज़रा सख़्त है।"

शिखाने कपाळावर हात मारला. इमरान म्हणाला, दुसरी सुपारी ठेवा आणि पुढे चला. पण आबांनी पुस्तक उघडलं. त्यांनी खरंच शोधलं, आणि मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत निकाल दिला, "पटावरचा शत्रू खेळ चालू असताना नष्ट झालाय. शेवटचा घाव ज्याचा, गुण त्याचे, असं स्पष्ट लिहिलंय." मग तिवारीजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "बधाई हो तिवारी जी, आपने बेताल मार दिया।" तिवारी जी चावायचे थांबले. गिळावं की थुंकावं, हे त्यांना कळेना. तेव्हा विवेक हसला. तोपर्यंत मी त्याचं स्मित पाहिलं होतं. पण असं पोट धरून, खुर्चीवरून घसरून हसताना कधी नाही. हसताना तो मुळीच अडखळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

असे दोन हिवाळे गेले. मग आबांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण मधला भागच पुसला जायला लागला. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड नाही. अक्षर तर नाहीच. स्कूटर विकली. पूजा पाठ होत्या म्हणून चालत. नियमांचं पुस्तक मात्र इतकं काही पाठ राहत नाही. लेक नागपूरहून आली आणि चला म्हणाली. आबा कटकट न करता तयार झाले. मलाच वाईट वाटलं. फार वाटलं.

वरची खोली लेकीने आम्हाला राहू दिली. प्रश्न खुर्चीचा होता. गोष्ट आता कोण चालवणार? आम्ही सगळे गृहीत धरून होतो की इमरान. आबा म्हणाले, "विवेक."

विवेक पांढराफटक पडला. चालवणाऱ्याला सगळ्यांत जास्त बोलावं लागतं. भुतांचं बोलणं त्याचं, वर्णन त्याचं, भांडणं सोडवणं त्याचं. "म-मला... न-नाही जमणार," तो म्हणाला. "स-सगळे कंटाळतील. य-येणं सोडतील." हीच त्याची खरी भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडी माझीही होती. खेळ मोडला असता तर आम्हाला दुसरे उद्योग होते. त्याला नव्हते.

"बोलायचं नाहीये रे तुला," आबा म्हणाले. "निकाल द्यायचाय. ते तू रोज करतोस. माप बसतं की नाही बसत. येत्या रविवारी तू चालव. मी खेळाडू म्हणून बसतो. मीही कधी खेळलो नाहीये अजून."

तो आबांचा झाशीतला शेवटचा रविवार. त्यांनी पात्र घेतलं चौकीदाराचं, बाजाराच्या फाटकावरचा म्हातारा, हातात काठी आणि ढालीच्या ऐवजी पत्र्याचा तुकडा. पट दिसत नव्हता म्हणून शिखा त्यांना घरं मोजून सांगत होती. आणि मी पाहिलं की आबा रंगात आले आहेत. इतके दिवस ते नियम सांभाळत होते. आता त्यांना जिंकायचं होतं. फासे टाकताना ते हातावर फुंकर मारत. माझ्या बारीत, शेजारून निसटू बघणाऱ्या एका भुताला चौकीदाराने काठी हाणली आणि आबा "घे!" म्हणून ओरडले. शिखाने त्यांना मांडीवर थाप मारून आठवण करून दिली की आरडाओरड्याबद्दल अट होती.

विवेक कमी बोलत होता. वर्णन तुटक करत होता: "प-पूल. अंधार. ती आहे." पण त्या तीन तुकड्यांनी अंगावर काटा आला, कारण प्रत्येक तुकड्यासाठी आम्ही वाट बघितली होती.

आणि मग हडळीने चौकीदारावर झेप घेतली.

"पत्रा वर!" आबा म्हणाले. "रिॲक्शन. पत्र्याने अडवतो."

विवेक पटाकडे बघत होता. ओठ हलले, शब्द आला नाही. आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं. आबांनी रिॲक्शन मघाशीच काठी हाणताना वापरली होती, आणि त्यांची बारी अजून आली नव्हती. चौकीदाराच्या अंगात जीव फार उरला नव्हता. पत्रा नसेल तर तो मेलाच.

"अरे यार, जाने दे," इमरान हळूच म्हणाला. "आबा का आख़िरी दिन है।"

आबांनी इमरानला टोकलं नाही. नंतर शिखा म्हणायची, आबा मुद्दाम विसरले, विवेकची परीक्षा बघायला. मला ते पटत नाही. मी त्यांच्या समोर बसले होते. त्यांची मान पुढे आली होती, दोन्ही हात पटाच्या कडेवर होते, आणि त्यांना खरोखर जगायचं होतं.

"न..." विवेक म्हणाला. "न-न..." पंखा फिरत होता. खालून भाजीवाल्याची हाक येत होती. कुणीही त्याचा शब्द पुरा केला नाही, मीसुद्धा नाही, आणि माझ्या जिभेवर तो तयार होता. "नाही, आबा. तुमची रि-रिॲक्शन झ-झाली."

"काठी म्हणजे रिॲक्शन होती?" आबांनी विचारलं. "कलम वाच. मला दिसत नाही."

विवेकने पुस्तक उघडलं. तो परिच्छेद लांब होता, इंग्रजीत, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर विवेक अडखळत होता. त्याने तो सगळा वाचून काढला. एका शब्दावर तर इतका वेळ गेला की मला वाटलं, आता तो पुस्तक मिटेल. मिटलं नाही. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचून त्याने आबांकडे पाहिलं. कपाळावर घाम होता.

आबांनी पटाच्या कडेवरचे हात मागे घेतले. मग म्हणाले, "बरोबर आहे."

विवेकने फासे टाकले. त्याने बेरीज सांगितली आणि चौकीदाराची सोंगटी पटावरून उचलून आबांच्या तळहातावर ठेवली.

पुढच्या रविवारी किती वाजता, हे त्या दिवशी उठताना इमरानने विवेकला विचारलं. विचारायची गरज नव्हती, वेळ ठरलेलीच असते. पण त्याने विवेकलाच विचारलं आणि उत्तर येईपर्यंत चपला हातात धरून उभा राहिला.

आबा आमच्या आधी खाली उतरले होते, कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. मी वरून पाहिलं तर ते गल्लीत पोचून समोरच्या औषधवाल्याला गाठून उभे होते. स्वेटर एका खांद्यावरून घसरला होता, आणि ते औषधवाल्याच्या तोंडाऐवजी त्याच्या कानाकडे बघत, आनंदाने फुलून, मोठ्याने सांगत होते, "अरे भैया, आज उस लड़के ने हमको मार डाला। दोस्त ने कहा जाने दे, नहीं छोड़ा। पूरा क़ायदा पढ़ के मारा!"